जुन्या स्पोर्ट्स कारमधील रन-फ्लॅट टायर आणि वारंवार उतरणारी हवा: बेळगाव परिसरातील रस्त्यांसाठी समस्या निवारण

पावसाळा ओसरू लागला की बेळगाव, खानापूर, निपाणी आणि संकेश्वर परिसरातील जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकांकडून एकच तक्रार थोड्याफार फरकाने ऐकू येते. डॅशबोर्डवर टायरच्या हवेचा दिवा लागतो. हवा तपासली की एका चाकात इतरांपेक्षा सहा-सात पीएसआय कमी निघते. पंक्चरवाला चाक काढून पाण्याच्या टाकीत फिरवतो, खिळा किंवा तार काहीच सापडत नाही, व्हॉल्व्हची पिन बदलून हवा भरून दिली जाते आणि थोड्याच दिवसांत तोच दिवा पुन्हा लागतो. काही गाड्यांत दिवा लागत नाही, पण ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते किंवा धुताना टायरच्या साइडवॉलवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, फुगा आलेला दिसतो. अशा गाड्यांत बहुतेक वेळा रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे, टायर असतात, आणि मग मालक साहजिकच विचारतो की हे टायर जुन्या गाडीला मानवतात का, की ते काढून साधे ट्यूबलेस टायर घालावेत.

माझे मत असे आहे की टायर बदलण्याचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावा. न सापडणारी गळती माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा टायरमध्ये नसून रिममध्ये असते, आणि थरथर अनेकदा सस्पेन्शनच्या सांध्यांतील झिजलेल्या रबरी बुशमुळे असते. ही दोन्ही कारणे तशीच ठेवून टायर बदलले, तर खर्च होतो आणि तक्रार कायम राहते. रिम आणि सस्पेन्शन तपासून झाल्यावर मात्र आपल्या भागातील रस्त्यांचा विचार करून रन-फ्लॅट ठेवायचे की काढायचे, हे ठामपणे ठरवता येते.

गाडी मुळात कोणत्या टायरसाठी बनली आहे

रन-फ्लॅट टायरच्या साइडवॉलमध्ये जाड आणि ताठ रबराचा आधार भरलेला असतो. हवा पूर्ण गेली तरी हा आधार गाडीचे वजन काही काळ पेलतो, त्यामुळे टायर रिमखाली चिरडला जात नाही. उत्पादक साधारणपणे ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत ८० किलोमीटर अंतराची ग्वाही देतात. ही कल्पना स्पोर्ट्स कारच्या जगात जुनी आहे. १९८६ साली आलेल्या पोर्शे ९५९ मध्ये डनलॉपचे हवा गेल्यावरही चालणारे टायर आणि हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा होती. शेव्हरोले कॉर्व्हेटला १९९४ पासून गुडइयरचे असे टायर पर्याय म्हणून मिळत, आणि १९९७ च्या पिढीपासून ते मूळ साहित्यातच आले, त्याबरोबर स्पेअर व्हील गेले. बीएमडब्ल्यूने झेड-८ आणि त्यानंतर २००२ च्या झेड-४ मध्ये हाच मार्ग धरला. आपल्याकडे पुणे, मुंबई आणि बंगळूरहून सेकंड हँड येणाऱ्या गाड्यांत २००९ नंतरची, पत्र्याचे छत दुमडणारी झेड-४ त्यातल्या त्यात अधिक दिसते. त्यामुळे पुढील विवेचनात तीच गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

अशा गाडीत रन-फ्लॅट हा एका संपूर्ण व्यवस्थेचा एक भाग असतो. रिमच्या आतील बाजूस टायरची बीड, म्हणजे रिमवर बसणारी कड, जागेवर धरून ठेवणारा उंचवटा नेहमीपेक्षा मोठा असतो. अनेक रिमवर आतून ‘ईएच२’ अशी खूण कोरलेली आढळते. हवा गेल्याचे चालकाला कळावे म्हणून इशारा देणारी प्रणाली असते. स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर ताठ साइडवॉल गृहीत धरून निवडलेले असतात. यांतील एक जरी घटक नसला तरी रन-फ्लॅटचा लाभ बराच कमी होतो. इशारा प्रणाली नसेल तर धोका सर्वांत मोठा असतो, कारण रिकामा रन-फ्लॅट बाहेरून जवळजवळ भरलेल्या टायरसारखाच दिसतो. चालकाला काही कळत नाही, तो त्याच वेगाने जात राहतो आणि टायर आतून जळून फाटतो.

म्हणूनच माझदा एमएक्स-५ ची पहिली पिढी, बीएमडब्ल्यू झेड-३ किंवा पहिली पोर्शे बॉक्सस्टर अशा गाडीला हौसेने रन-फ्लॅट घालू नयेत. त्या गाड्या साध्या टायरसाठी बनल्या आहेत, त्यांचा हलकेपणा हाच त्यांचा गुण आहे, आणि प्रत्येक चाकात वाढणारे वजन स्प्रिंगच्या खालच्या बाजूला पडत असल्याने ते विशेष जाणवते. या गटाबाबत माझ्या मनात कोणताही संदेह नाही.

आपल्या गाडीत सध्या काय आहे, हे टायरच्या बाजूला वाचून कळते. ब्रिजस्टोनचे ‘आरएफटी’, मिशेलिनचे ‘झेडपी’, कॉन्टिनेन्टलचे ‘एसएसआर’, गुडइयरचे ‘आरओएफ’, तसेच बीएमडब्ल्यूची ‘आरएससी’ ही वर्तुळातील खूण, या सर्वांचा अर्थ एकच. सेकंड हँड गाडीत पुढे रन-फ्लॅट आणि मागे साधे, अशी सरमिसळही आढळते. ती असेल तर पुढची तपासणी करण्याआधीच चारही टायर एका प्रकारचे करण्याची तयारी ठेवावी.

गळती शोधण्याची रीत

पहिले काम म्हणजे सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, स्वतःच्या मीटरने चारही चाकांची हवा मोजून कागदावर लिहून ठेवणे. पेट्रोल पंपावरील मीटर पंपागणिक वेगळे दाखवतात आणि तेथवर जाईपर्यंत टायर तापतात. एकाच मीटरने सलग काही सकाळी मोजले की चित्र स्पष्ट होते. एकच चाक इतरांपेक्षा वेगाने उतरत असेल तर गळती त्या चाकात आहे. चारही थोडी थोडी उतरत असतील तर ती नैसर्गिक घट आणि हवामानाचा परिणाम असू शकतो.

हवामान आणि उंचीचा हिशेब आपल्याकडे विशेष लागू होतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. येथून गोव्यात उतरले की बाहेरील हवेचा दाब वाढतो, त्यामुळे मीटरवर टायरची हवा साधारण एक पीएसआयहून किंचित अधिक कमी दिसते. उलट दिशेने येताना तितकीच वाढते. तापमान १० अंशांनी बदलले तर दीड ते दोन पीएसआयचा फरक पडतो. डिसेंबरातील १५ अंशांच्या सकाळी बेळगावात भरलेली हवा पणजीच्या ३३ अंशांच्या दुपारी, गाडी सावलीत थंड झाल्यावर मोजली, तर उंचीमुळे झालेली घट वजा जाऊनही दीड-दोन पीएसआय जास्तच दिसेल. गोव्यात दुपारी ही ‘जास्तीची’ हवा काढून टाकून रात्री घाट चढून परत आलेल्या गाडीत दुसऱ्या दिवशी पहाटे हवा कमी निघाली, तर त्याला गळती म्हणता येणार नाही.

एकाच चाकात घट असल्याचे निश्चित झाले की पंक्चरवाल्याला ते चाक काढून नेहमीपेक्षा थोडी जास्त, म्हणजे ४० पीएसआयपर्यंत हवा भरायला सांगावे, आणि साबणाचे दाट पाणी ब्रशने लावून पाहावे. पाण्याच्या टाकीत चाक झरझर फिरवले जाते, तेथे सेकंदाला एखादा येणारा सूक्ष्म बुडबुडा नजरेतून सुटतो. साबणाचा फेस मात्र काही मिनिटांनी बारीक पांढरा पुंजका करून गळतीची जागा दाखवतो. आधी व्हॉल्व्हचे तोंड, मग व्हॉल्व्हचे मूळ, मग ट्रेड म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग, आणि त्यानंतर सर्वांत जास्त वेळ रिमच्या आतील कडेला द्यावा, म्हणजे गाडीच्या पोटाकडील बाजूला.

आतील कड महत्त्वाची असण्याचे कारण रचनेत आहे. अलॉय व्हीलच्या आऱ्या बाहेरील बाजूला असतात, त्यामुळे बाहेरील कडेला त्यांचा भक्कम आधार मिळतो. आतील कड मात्र आधाराविना बरीच पुढे आलेली असते. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळले की साधा टायर दबून धक्क्याचा काही भाग स्वतः शोषून घेतो. रन-फ्लॅटची ताठ साइडवॉल तो धक्का जवळजवळ जसाच्या तसा रिमकडे पोहोचवते. मग आतील कड किंचित आत वळते, किंवा तेथे केसाएवढी भेग जाते. बाहेरून चाक पाहिले तर ते नवे दिसते आणि मालकाला शंकाही येत नाही.

भेग असलेली रिम फसवी असते. गाडी उभी असताना भेग मिटलेली राहते, आणि चालत्या गाडीत भार पडून रिम लवली की ती उघडते. त्यामुळे दुकानात गळती दिसत नाही आणि गोव्याच्या वाटेवरील चोर्ला घाटातून परतल्यावर हवा कमी निघते. टिळकवाडीतील एका स्नेह्यांच्या झेड-४ मध्ये असेच चालले होते. टायर पूर्ण काढून रिमचा आतील भाग पेट्रोलच्या फडक्याने पुसला, उन्हात तिरपा धरला, तेव्हा आतील कडेपासून मध्याकडे जाणारी करंगळीच्या नखाएवढी काळी रेघ दिसली. रेघेच्या दोन्ही बाजूंना रंगावर ब्रेकची काळी धूळ बसली होती आणि रेघेलगत मात्र हवेच्या झोताने ती उडून पातळ स्वच्छ पट्टा उमटला होता. असा पट्टा दिसला की भेग आरपार आहे, असे समजावे.

भेग नसेल तर रिम वाकली आहे का, हे मोजून ठरवावे. या बाबतीत बेळगावकरांना एक मोठी सोय आहे. उद्यमबागमध्ये ओतकामाचे कारखाने आणि मशीन शॉप मोठ्या संख्येने आहेत, आणि डायल गेज, म्हणजे सूक्ष्म फरक मोजणारे मापक, वापरणारा कुशल कामगार शोधायला लांब जावे लागत नाही. रिम बॅलन्सिंग मशीनवर किंवा हबवर फिरवून दोन्ही कडांवर, बीड बसते त्या जागी, आडवा आणि उभा असे दोन्ही फरक मोजून घ्यावेत. फरक एक मिलिमीटरच्या पुढे गेला तर ती रिम संशयित मानावी.

वाकलेली रिम सरळ करण्याबाबत मी थोडा कठोर आहे. फक्त आतील कड थोडी वळली असेल आणि भेग नसेल, तर हायड्रॉलिक प्रेसवर, बेताच्या दाबाने, सरळ करून घेता येते. गॅसची ज्योत लावून लाल होईपर्यंत तापवणे आणि हातोड्याने ठोकणे मात्र होऊ देऊ नये. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमला कारखान्यात उष्णता-प्रक्रियेने बळकटी दिलेली असते आणि बेसुमार तापवल्यावर ती त्या जागी निघून जाते. आर्गॉन वेल्डिंगने भेग भरून देणारे कारागीर हाताचे चांगले असतात, पण वेल्डच्या दोन्ही बाजूंची धातू मऊ पडते आणि पुढची भेग बहुधा तिथूनच सुरू होते. ओतकामात काम केलेल्या कोणत्याही माणसाला हे सांगावे लागत नाही. भेगाळलेली रिम बदलावी, आणि बदलताना आकार, ऑफसेट (चाक हबवर किती आत-बाहेर बसते ते माप) व बीडचा उंचवटा मूळ रिमसारखाच आहे याची खात्री करावी.

तिसरे कारण गंजाचे आहे. दर आठवड्याला गोव्याला जाणारी किंवा किनाऱ्यावर काही वर्षे काढलेली गाडी असेल, तर बीड बसते त्या जागी रंगाखाली पांढरी भुकटी धरते आणि त्या खडबडीत जागेतून हवा झिरपते. हे बारीक पॉलिश पेपरने घासून, बीड सीलर लावून दुरुस्त होते. खर्चही किरकोळ असतो. टायर काढलाच आहे तर व्हॉल्व्हही नवा बसवावा.

टायर काढण्या-बसवण्याविषयी आणखी एक सूचना आवश्यक आहे. रन-फ्लॅटची बीड हाताने, लोखंडी पट्ट्या घालून उचकटू नये. हेल्पर आर्म असलेले टायर चेंजर मशीन आहे का, हे आधी विचारावे आणि नसेल तर दुसरीकडे जावे. बीडची कड एकदा फाटली की नवी गळती आपणच निर्माण केलेली असते.

थरथर, ओढ आणि आतून झिजलेला टायर

रिम सरळ असूनही स्टिअरिंग थरथरत असेल किंवा गाडी रस्त्यावरील चाकोऱ्यांच्या मागे धावत असेल, तर पुढील लोअर आर्मचे बुश, स्ट्रट माउंट आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर याच क्रमाने पाहावेत. दहा-पंधरा वर्षांच्या गाडीत हे रबर कडक होऊन चिरलेले असणे स्वाभाविक आहे. नरम टायर ही ढिलाई काही प्रमाणात झाकतो; रन-फ्लॅट ती उघडी पाडतो. त्यामुळे टायर दोषी ठरतो आणि बुश सुटतात. बुश बदलल्याशिवाय अलाइनमेंट करून घेण्यात अर्थ नाही, कारण ढिल्या आर्मवर लावलेला कोन पहिल्या स्पीड ब्रेकरला बदलतो.

मागील चाकांचा कॅम्बर, म्हणजे उभा कल, या गाड्यांत आतील बाजूस असतो, त्यामुळे टायरचा आतील खांदा आधी झिजतो. बाहेरून खाच भरपूर दिसते म्हणून मालक निश्चिंत राहतो. गाडी लिफ्टवर असताना आतील खांद्यावरून तळहात फिरवावा. कॉर्डच्या तारा बोटांना टोचल्या तर तो टायर त्याच दिवशी काढावा. कायद्याने कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर खाच आवश्यक आहे, आणि ती टायरच्या संपूर्ण रुंदीवर मोजावी.

टायरचे वयही येथेच पाहून घ्यावे. साइडवॉलवरील चार आकड्यांतील पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. हौसेच्या गाड्या कमी धावतात, त्यामुळे खाच शिल्लक असताना रबर म्हातारे होते. बीएमडब्ल्यूची शिफारस ६ वर्षांनंतर टायर बदलण्याची आहे. कडक झालेले जुने रन-फ्लॅट पावसात ओल्या डांबरावर पकड सोडतात, आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीत ही गोष्ट जिवावर बेतू शकते.

साइडवॉलवर फुगा आला असेल तर चर्चेला जागा नाही. आतील कॉर्ड तुटलेले असतात, आणि त्यावर कोणतीही दुरुस्ती चालत नाही.

हवा गेल्यावर ८० किलोमीटर म्हणजे आपल्याकडे कुठपर्यंत

ग्वाहीतील ८० किलोमीटर हे अंतर सपाट, चांगल्या रस्त्यासाठी समजावे. बेळगाव ते निपाणी हे अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ सहापदरीकरणाची कामे वगळता बऱ्यापैकी सरळ आहे. कित्तूरजवळ टायर गेला तर धारवाड किंवा बेळगाव, दोन्हीकडे पोहोचणे शक्य आहे. म्हणजे महामार्गावर रन-फ्लॅट आपले काम चोख करतो. रात्री अकरा वाजता हत्तरगी टोल नाक्याच्या पुढे अवजड वाहनांच्या रांगेशेजारी चाक बदलत बसण्यापेक्षा ६० च्या वेगाने बेळगाव गाठणे केव्हाही सुरक्षित आहे. एकटीने प्रवास करणाऱ्या भगिनींना किंवा वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन जाणाऱ्यांना हा लाभ किती मोठा आहे, हे निराळे सांगायला नको.

जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या बाजूला चित्र पालटते. कणकुंबी बेळगावहून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. कागदावर ते अंतर मर्यादेत बसते. पण पावसाळ्यात या रस्त्यावर डांबर उखडून खाली जांभ्याच्या धारदार कडा उघड्या पडतात, वळणांवर रिकाम्या टायरची साइडवॉल एका बाजूला दाबली जाते, आणि तिथे टायर मर्यादेपेक्षा खूप आधी जळतो. शिवाय मोठ्या चिरेला रन-फ्लॅट काहीच करू शकत नाही. साइडवॉल फाटली की रन-फ्लॅट आणि साधा टायर सारखेच निकामी होतात, आणि गाडीत स्पेअर नसतो. अनमोड मार्गाचीही हीच स्थिती. चिकोडी, रायबाग, अथणी पट्ट्यात ऊस गळीत हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीतून गळालेल्या खिळे-पिना मोठ्या संख्येने टायरमध्ये घुसतात. हे ट्रेडमधील साधे पंक्चर असल्याने तिथे रन-फ्लॅट उपयोगी पडतो, पण नंतरच्या दुरुस्तीचा प्रश्न उरतो.

तो प्रश्न असा की हवा नसताना धावलेला टायर पुन्हा वापरावा का. बहुतेक उत्पादक नकार देतात, काही जण मर्यादित अटींवर परवानगी देतात. मी टायर उतरवून आतून पाहिल्याशिवाय होकार देणार नाही. आत ज्वारीच्या कण्यांसारखा काळा भुगा सांडलेला असेल, साइडवॉलच्या आतील अंगावर गोलाकार सुरकुत्यांचा पट्टा किंवा निळसर झाक असेल, तर टायर आतून तुटलेला आहे. हवा पूर्ण न जाता इशारा मिळताच थांबलेल्या गाडीत, ट्रेडच्या मधल्या भागात ६ मिलिमीटरपर्यंतचे भोक असेल, तर आतून मशरूम पॅच (भोकात बसणारी दांडी असलेला छत्रीसारखा पॅच) लावून घेता येतो. बाहेरून दोरी मारून दिलेले पंक्चर अशा वेगवान गाडीत कायम ठेवू नये.

इशारा प्रणालीची एक मर्यादाही जाणून घ्यावी. अनेक झेड-४ गाड्यांत टायरमध्ये सेन्सर नसतो. एबीएसच्या सेन्सरवरून चाकांच्या फेऱ्यांची तुलना होते, आणि हवा कमी झालेले चाक किंचित जास्त फिरते म्हणून ते पकडले जाते. चारही चाकांची हवा हळूहळू सारखीच उतरली, तर या प्रणालीला काही कळत नाही. हवा भरल्यानंतर किंवा टायर बदलल्यानंतर मेनूमधून ती नव्याने सुरू करावी लागते. हे न केल्याने येणारे खोटे इशारेही गळतीच्या तक्रारीत मोजले जातात.

शेवटी टायर कोणते घ्यावेत

गाडी मुख्यतः बेळगाव–कोल्हापूर किंवा बेळगाव–हुबळी महामार्गावर, कधी रात्री, कधी एकट्याने चालत असेल, रिम सरळ असतील आणि बुश नवे असतील, तर रन-फ्लॅट ठेवावेत. गाडी दर पंधरा दिवसांनी चोर्ल्यातून गोव्याला जात असेल किंवा तालुक्याच्या आतील रस्त्यांवर फिरत असेल, तर माझा कौल साध्या टायरला आहे. धक्का टायर सोसतो, रिम वाचतात, गाडी चाकोऱ्यांमागे कमी धावते आणि जुन्या सस्पेन्शनला आराम मिळतो. १९ इंची चाकांच्या गाड्यांत तर मी आणखी पुढे जाऊन, मूळ १८ इंची संच मिळवून त्यावर साधे टायर घालण्यास सांगेन, कारण साइडवॉलची उंची थोडी वाढली तरी आतील कड वाचण्याची शक्यता बरीच वाढते.

उपलब्धतेचा मुद्दाही विचारात घ्यावा. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर परवान्याचे बंधन घातले. तेव्हापासून कमी खपाच्या मापांतील रन-फ्लॅट मिळवताना वाट पाहावी लागते. एक टायर फाटल्यावर गाडी महिनाभर शेडमध्ये उभी करण्यापेक्षा सहज मिळणारे माप आणि बनावट निवडणे व्यवहार्य असते. आयएसआय खूण पाहूनच टायर घ्यावा.

साधे टायर घेताना माप तेच ठेवावे. १८ इंची चाकांच्या झेड-४ मध्ये पुढे २२५/४० आर १८ आणि मागे २५५/३५ आर १८ हे माप प्रचलित आहे. भार निर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नको: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ९२ म्हणजे ६३० किलो, आणि पुढच्या मापात ९२ चे एक्स्ट्रा लोड टायर मिळतात, मागे ९४ म्हणजे ६७० किलो. एक्स्ट्रा लोड टायरची साइडवॉल साध्यापेक्षा थोडी दणकट असल्याने आपल्या रस्त्यांना ती मध्यम वाट म्हणून योग्य ठरते. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे असावेत. पुढे-मागे मापे वेगळी असल्याने टायर अदलाबदल करता येत नाहीत, हे खर्चाच्या हिशेबात धरावे. हवेचा दाब दाराच्या खांबावरील पट्टीप्रमाणे ठेवावा, आणि पट्टीवर रन-फ्लॅटसाठी वेगळा आकडा असेल तर तो नीट वाचावा.

स्पेअर व्हीलची जागा या गाडीत नाही. छत दुमडल्यावर डिकीत सुमारे १८० लिटर जागा उरते, आणि त्यात चाक ठेवले तर सामान राहत नाही. २०२० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय मोटार वाहन नियमांत, ट्यूबलेस टायर, दाब सांगणारी यंत्रणा आणि दुरुस्ती संच असलेल्या कारला स्पेअर चाकाची सक्ती उरलेली नाही. म्हणून १२ व्होल्टचा चांगला कंप्रेसर, सीलंटची बाटली, स्वतःचे मीटर आणि मशरूम पॅच मिळेपर्यंत वेळ निभावण्यासाठी दोरीचा संच सोबत असावा. सीलंट फक्त ट्रेडमधील लहान भोकाला चालते, आणि बाटलीवर छापलेली मुदत संपली की ते घट्ट होते. रिम भेगाळली असेल किंवा साइडवॉल चिरली असेल, तर सीलंट ओतून वेळ घालवू नये. सपाट पाठीची टोइंग गाडी बोलवावी, कारण खालच्या बाजूने ओढल्यास कमी उंचीच्या गाडीचा पुढचा बंपर तुटतो.

या संचात जॅक आणि १७ मिलिमीटरचा पाना वेगळा घ्यावा लागतो, कारण रन-फ्लॅटवर विकलेल्या गाडीत जॅक सहसा दिलेला नसतो. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने आवळावेत. पायाने पान्यावर उभे राहून आवळलेले बोल्ट नंतर रस्त्यात चाक काढायची वेळ आली की उघडता येत नाहीत. सेकंड हँड गाडीत अनेकदा प्रत्येक चाकाला चोरी टाळणारा एक लॉक बोल्ट असतो आणि तो उघडणारा अडॅप्टर आधीच्या मालकाकडे किंवा एखाद्या गॅरेजमध्ये राहून गेलेला असतो. तो डिकीत आहे का, हे पावसाळ्याआधी एकदा उघडून पाहावे, आणि नसेल तर चारही लॉक बोल्ट काढून साधे बोल्ट बसवून घ्यावेत.